नानांचं पुणं आणि माझं प्लॅस्टिक

आमच्या घरात लॅमिनेशन न झालेली एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे आमचे सासरे.

बाकी सगळं झालंय. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, आरत्या, दूधवाल्याचा नंबर. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नावाची पट्टी, हा तिथला धर्म. तो मी रोज कंपनीच्या बसमधून घरी घेऊन येते. (घरच्यांनी कधी मागितला नव्हता, पण धर्मप्रसार असाच होतो!)

सासरे, म्हणजे नाना, याच्या अगदी उलट. चिखलीतलं आमचं रान गेलं, तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि नानांना जुन्या शहरांची चित्रं जमवायचा नाद लागला. साहेबाच्या काळातली, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. कुठे काशीचा घाट, कुठे मुंबईचा किल्ला. पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन, भांडून, रुसून, परत जाऊन ते एकेक चित्र आणायचे. सगळ्यांत लाडकं होतं ते पुण्याचं. पुढे संगम, पाण्यात दोन म्हशी, मागे दाट झाडी आणि लांबवर पर्वती.

"पुन्याचं कुनीतरी काढून तरी ठिवलं, पोरी," नाना म्हणायचे. "आपल्या चिखलीचं कोन काढनार व्हतं?"

त्या चित्राखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत दोन नावं होती. "डावीकडं काढनाऱ्याचं, उजवीकडं कोरनाऱ्याचं," नाना बोट न टेकवता दाखवायचे. "मला काय विंग्रजी येत न्हाई. सवड झाली की वाचून दाखीव."

"रविवारी नक्की, नाना," असं म्हणून मी ते काम यादीत लिहायची. बरेच रविवार आले आणि गेले. काम यादीत सुरक्षित होतं.

मग ज्येष्ठ नागरिक संघानं जुन्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. मधली भिंत नानांच्या पुण्याला! देहूचे अण्णा येणार होते. अण्णा हे नानांचे शाळेपासूनचे मित्र आणि शाळेच्याही आधीपासूनचे प्रतिस्पर्धी. नानांनी नवी टोपी आणली. आदल्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला निघताना मला म्हणाले, "चित्राकडं जरा बघ गं."

कंपनीतून आल्यावर मी बघितलं. तिथेच घात झाला!

पिवळा पडलेला कागद, चहा उडाल्यासारखे ठिपके, एक कोपरा दुमडलेला. कंपनीत असा माल आला असता तर मी लाल कार्ड लावून आल्या ट्रकनं परत पाठवला असता. इथे परत कुठे पाठवणार? मी चित्र पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

दुकानदार लातूरकडचा. चित्र उलटंसुलटं करून म्हणाला, "ताई, पाउचमधी बसंना गेलंय. कडा कापाव्या लागत्यात बघा."

"कापा."

"खाली कायतरी लिवलंय."

"बारीक आहे हो. कोण वाचतंय!"

(हे वाक्य मीच बोलले. दुकानदार साक्षीला आहे.)

मशीनमधून पुणं गरमागरम बाहेर आलं. असं चकचकीत, की संगमात मला माझाच चेहरा दिसला! मी कौतुकानं घरी आणलं. पहिली शिफ्ट करून आलेले आमचे हे सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांनी पाय खाली घेतले.

"हे काय केलंस?"

"आता डाग पडणार नाहीत. ओल्या फडक्यानं पुसताही येईल!"

"अगं, जुनं होतं म्हणून तर आणलं होतं ना त्यांनी!"

असं सरळ मराठीत सांगितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पण मी हातपाय गाळणारी नव्हे. प्लॅस्टिक उष्णतेनं चिकटलं, तर उष्णतेनंच सुटेल, हा माझा तर्क. इस्त्री काढली. प्लॅस्टिक सुटलं नाही, सुरकुतलं. पर्वतीवर टपोरा फोड आला आणि नदीतल्या दोन म्हशी ताणून एक मगर झाली.

"आता इस्त्री ठेव," हे म्हणाले. "नाहीतर पानशेतही फुटेल."

नाना संध्याकाळी आले. हातात साखरपुड्याचे पेढे. चित्र घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरलं. ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ते ओरडलेच नाहीत. खालच्या कडेवरून अंगठा फिरवत एवढंच म्हणाले, "नावं कुठं गेली?"

"दुकानात," मी म्हणाले.

तशीच स्कूटर काढून दुकानात गेले. कचऱ्याचा डबा रिकामा! "आत्ताच घंटागाडीत टाकलं, ताई," दुकानदार म्हणाला. मग मी गाणं वाजवत चाललेल्या घंटागाडीमागे स्कूटर घातली. दोन चौकांपुढे तिला गाठलं.

"थांबा! माझं काहीतरी गेलंय त्यात!"

"ओला कचरा का सुका?" गाडीवरच्या बाईंनी विचारलं.

"ऐतिहासिक!"

बाई चांगल्या. त्यांनी मला चढू दिलं. ऑफिसच्या साडीत, भर चौकात, गाण्याच्या तालावर मी सुका कचरा उपसला. कुणाकुणाच्या आधार कार्डांच्या कडा सापडल्या, एका लग्नपत्रिकेचा अर्धा गणपती सापडला. नावांची ती पट्टी नाही सापडली. सापडले ती मी, सोसायटीतल्या तीन मैत्रिणींना. त्यांनी गाडीत उभ्या असलेल्या मला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी नानांनी ते चित्र तसंच नेलं. मधल्या भिंतीवर ट्यूबलाइटखाली पुणं असं चमकत होतं, की बघणाऱ्याला आधी ट्यूबलाइटच दिसावी. अण्णा आले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"नाना, हे चित्र हाय का हाटेलातलं मेनूकार्ड?"

सगळा हॉल हसला. मी चहाचा ट्रे घेऊन मागेच उभी होते. आता बोलायचं, मी केलं म्हणून सांगायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं. आतून आलं ते एवढंच, "अण्णा, चहा?"

"म्याच केलं," नाना म्हणाले. "म्हातारपनी अक्कल जाती. तू घे की च्या."

अण्णा दिवसभर "मेनूकार्ड" म्हणून हाका मारत राहिले आणि नाना नव्या टोपीखाली गप्प हसत राहिले. मी एवढा चहा वाटला, की संघात आजही मला फार मायाळू सून समजतात.

घरी आल्यावर मी रडत माफी मागितली. नाना म्हणाले, "व्हय, व्हय. पन वाचली असतीस तर निदान ठावं तरी झाली असती."

ते चित्र आता आमच्या हॉलमध्ये आहे. खाली नानांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे. डावीकडे: 'काढणारा – नाव गेलं.' उजवीकडे: 'कोरणारा – नाव गेलं.' आणि मधोमध, मुंगीएवढ्या नव्हे, चांगल्या ठसठशीत अक्षरांत: 'प्लॅस्टिक – आमच्या सूनबाई.'

पाहुणे येतात, वाचतात, माझ्याकडे बघतात. चिठ्ठी पिवळी पडेल, फाटेल, कधीतरी जाईल, अशी मला आशा होती. पण परवा नाना आपणहून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि तिला लॅमिनेट करून घेऊन आले!