एका माणसाच्या तांदळाचे पाणी

भगवानरावांची आणि माझी पहिली भेट माझ्या फाटकाशी झाली, आणि ती काही फारशी गोड नव्हती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसण्याचे दिवस. हे गृहस्थ रिकामी बादली घेऊन उभे, मागे कॉलनीतली कॉलेजची मुले. "बाई, तांदूळ-डाळ धुतलेलं पानी फेकू नका, आमाला द्या. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागंत पोरं भाजीपाला लावायलेत."

मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात एकटी होते. जरा तुटकच म्हणाले, "एकट्या माणसाच्या तांदळाचं पाणी ते किती असणार?"

"मिरचीचं एक झाड जगतंय की त्याच्यावर," ते म्हणाले. आणि खरोखरच त्यांनी माझ्या नावाचे मिरचीचे रोप लावले.

पाचोडकडच्या शेतकरी घरातले भगवानराव वाळूजच्या कारखान्यात उभी हयात राबले. निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीचा उकिरडा साफ करून बाग करायचे मनावर घेतले आणि मोबाईलमध्ये मान घालून बसलेली मुले त्या कामाला जुंपली. ते रागावत, पण मुलांच्या आधी फावडे स्वतः उचलत. इंजिनिअरिंगला असलेली रुबीना म्हणायची, "काका चिल्लाते बहोत, पन छोडके नै जाते."

त्यांचा एक नियम मात्र मुलांना जाचक वाटे. पाणी परस्पर उचलायचे नाही. हाक मारायची, माणूस बाहेर येईपर्यंत थांबायचे, आज काय केले ते विचारायचे. रुबीनाने यावर उपाय काढला. कोपऱ्यावर ड्रम बसवला, वाफ्यांपर्यंत पाइप नेला. ज्याने त्याने येता-जाता पाणी ओतावे. ड्रम भरू लागला. भगवानरावांनी आठवडाभर पाहिले आणि एके सकाळी ड्रम वाफ्यांत रिकामा करून त्यात पालापाचोळा भरला, खतासाठी. रुबीना चिडली. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, पानी लई आलं. पन मानूस एक बी बाहेर नाय आलं."

ती बादली कोणासाठी फिरत होती, हे मला तेव्हा कळले. त्या आठवड्यात माझ्याशी कोणीही बोलले नव्हते.

मुले मोठी झाली, नोकऱ्यांसाठी पुण्याला गेली, रुबीनाही गेली. नवी येतात, पण थोडी. त्यात गेल्या हिवाळ्यात भगवानरावांच्या पत्नी वारल्या आणि ते बागेत यायचेच थांबले. मेथीला फुले आली, वाफे भेगाळले. सगळे म्हणाले, त्यांना थोडे दिवस एकटे राहू द्या. एकटे राहण्यातले मला जरा जास्त कळते, म्हणून मी बादली घेऊन त्यांच्या दारी गेले. हाक मारली आणि थांबले. पुष्कळ वेळाने ते बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"बाई, आता एकट्याचं कसलं पानी?"

माझ्याजवळ उत्तर एकच होते, आणि तेही त्यांचेच. "मिरचीचं एक झाड जगतं."

त्यांनी माझ्या बादलीकडे पाहिले. मग आत गेले. डबा उघडल्याचा, तांदूळ खळबळल्याचा आवाज आला. पातेल्याच्या तळाशी थोडे पांढरे पाणी घेऊन ते बाहेर आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चूल पेटवलीच नव्हती दोन दिस. आता धुतलेत म्हनल्यावर शिजवावं लागंल."

दुसऱ्या दिवशी ते बागेत आले.

बागेमुळे एकटेपणा गेला, असे मी या गौरवग्रंथात लिहिणार नाही. आम्हा दोघांच्याही घरी संध्याकाळ लांबच असते. पण सकाळी हाक येते आणि बाहेर यावे लागते, एवढे या माणसाने आमच्या कॉलनीला दिले आहे.

पंचाहत्तरी गाठलेल्या भगवानरावांनी ठणठणीत शंभरी पाहावी, त्यांच्या गुडघ्यांनी साथ द्यावी आणि त्यांनी रोज निदान वाटीभर तांदूळ धुवावेत. एखाद्या सकाळी त्यांना नकोसे वाटलेच, तर बादली घेऊन मी फाटकाशी उभी असेन, आणि ते बाहेर येईपर्यंत हलणार नाही.