अर्ध्या कापलेल्या फांद्या

घोडेगावातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये जो येतो, त्याला मी एक गोष्ट ऐकवतो — झाडाच्या फांद्या तोडून साल सोलणारं माझं पहिलं मशीन डोंगरातल्या लोकांनी कसं बदनाम केलं, ती. चहा येईपर्यंत पुरते. पण तिच्यातला एक तुकडा मी नेहमी गिळतो. तो आजवर कुणापुढे आलेला नाही. बायकोपुढेही नाही.

मी भांडखोर माणूस आहे. पत्र्याचा भाव करताना माझा आवाज नाक्यापर्यंत जातो. दहावी नापास, मागे कुणी नाही — जे उभं केलं ते स्वतः. तरुणपणी मी आणि सोमा एका ठेकेदाराकडे नीलगिरीच्या काठ्या सोलायचो. जुन्नरकडे टोमॅटोच्या बांधणीला त्या गाड्या भरून जायच्या. फांद्या छाटायच्या, कोयत्याने साल काढायची. साल राहिली की आत किडा शिरतो. संध्याकाळी तळहात उघडत नसत. हे काम यंत्राने व्हावं, असं तेव्हाच मनात बसलं.

पुढे वेल्डिंग शिकलो, शेड टाकली. भंगारातले रोलर आणि ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांची पाती जोडून मशीन उभं केलं. एका बाजूने झाड घालायचं, दुसरीकडून काठी बाहेर. पहिल्यांदा लोकांना दाखवलं तेव्हा झाड मध्येच अडकलं. बघायला आलेल्यांपैकी एक शिकलेला म्हणाला, "मिस्त्री, ह्यापेक्षा दोन शेळ्या बांधा. साल तरी नीट खातील." सगळे हसले. तो हशा मला आजही डाचतो. पण तुम्हाला खरं सांगू? जे केलं, त्याला तो हशा कारण नाही. मी त्याला कारण करून ठेवलं, एवढंच.

दुसऱ्यांदा दाखवायचं ठरलं, त्या दिवशी पहाटे मी शेडमध्ये एकटाच गेलो —

थांबा. आधी सोमाचं सांगतो. बघा, अजूनही मी टाळतोच आहे.

सोमाचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. तिकडे भातलावणीला पडकई चालते — आज सगळ्यांनी याच्या खाचरात, उद्या सगळ्यांनी त्याच्या. मजुरी नाही, नुसता शब्द. आणि पडकईला हाक द्यायची ती सोमाने, असं गावात ठरूनच गेलेलं. त्याचा शब्द कधी खाली पडलेला नव्हता. दुसऱ्यांदा मशीन दाखवलं तेव्हा तो गावातल्या चार माणसांना घेऊन आला होता. त्या दिवशी मशीन असं चाललं, जशा शेंगा सोलाव्यात. सोमा सगळ्यांना सांगत सुटला, "आपल्या भाऊचं हाय! आमी दोघं एका कोयत्यानं सोलायचो, राव!"

गावी जाऊन त्याने हाक दिली. लावणी नसताना पडकई — असं कधी झालं नव्हतं. बांधाबांधावरची नीलगिरी, सुबाभूळ सगळ्यांनी मिळून तोडायची, माझ्या मशीनने सोलायची, आणि काठ्या थेट टोमॅटोवाल्याला द्यायच्या. मध्ये ठेकेदार नको. तोडायच्या आधी त्याने मला फोन केला. "भाऊ, तोडू ना?"

मी म्हणालो, "तोडा."

मशीन घेऊन गेलो तेव्हा अख्खा गाव जमला होता. एक म्हातारी म्हणाली, "सोमा, आता आमी कोयत्यानं काय वांगी चिरायची व्हय?" हसणं चाललं होतं. पहिलं झाड घातलं. सुबाभळीची फांदी पात्याला तटली, पातं वाकलं. दुसरं अडकलं. तिसरं बाहेर आलं ते कुत्र्याने चावल्यासारखं, साल चिंध्यांसारखी लोंबणारी. मग कुणीच हसेना.

मी काय केलं? ओरडलो. "लाकूड वाळवलंस तू! ताजं पाहिजे म्हणून सांगितलं व्हतं ना तुला?" काही झाडं आदल्या दिवशी तोडलेली होती, तेवढं मी धरलं. सोमाने एक काठी उचलली, सालीखाली नख घालून पाहिलं. ओल होती. त्याने पाहिली, मी पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आसंल भाऊ. माझंच चुकलं."

आता ती पहाट. दाखवायच्या झाडांची प्रत्येक फांदी मी बुडाशी करवतीने अर्धी कापून ठेवली होती. सालीला शेंड्यापासून बुडख्यापर्यंत कोयत्याने चीर दिली, मोगरीने ठोकून ती सैल केली, आणि वरून चिखल चोळला. लोकांसमोर मशीनने फक्त उरलेलं काम केलं. न कापलेलं झाड त्यात एकदाही नीट गेलेलं नव्हतं. "तोडा" म्हणालो तेव्हा हे मला माहीत होतं. जायच्या आधी काहीतरी जमेल, असं वाटत होतं — की तेही आता जोडतोय? ठाऊक नाही.

एवढं कोयत्याने सोलायला हात पुरले नाहीत; तोडलेलं लाकूड सालीसकट पडून राहिलं. किड्याने खाल्लं, चुलीत गेलं. टोमॅटोवाल्याने दुसरीकडून माल उचलला.

त्या पावसाळ्यात एका कामाला त्या रस्त्याने गेलो. खाचराखाचरात माणसांच्या रांगा, आवणाच्या, भातरोपांच्या, जुड्या फेकल्या जात होत्या. एका खाचरात दोघंच वाकलेली होती. सोमा आणि त्याची बायको. त्याच्या हाकेला कुणी आलं नव्हतं. मोटरसायकल थांबवायची होती. मी गिअर बदलला आणि पुढे गेलो.

पुढे पाती बदलली, स्प्रिंग घातल्या, मशीन जमलं. आता आंबेगावात चालतं, जुन्नरात चालतं. लोक माझा फोटो काढून नेतात.

गेल्या महिन्यात सोमा वर्कशॉपला आला, फवारणीचा पंप जोडून घ्यायला. केस पार पांढरे झालेत. पाच-सहा गिऱ्हाइकं बाकड्यावर बसली होती. मशीनकडे बोट करून त्याने आपणहून त्यांना सांगितलं, "लई गुणाचं मशीन. माझ्यामुळं भाऊचं नाव खराब झालं व्हतं. लाकूड मी वाळवलं. पर मानूस मोठ्या मनाचा, कधी बोलून दाखवलं न्हाई."

बोलून दाखवलं नाही? त्याच बाकड्यावर बसून मी हीच गोष्ट किती जणांना सांगितली होती!

सगळे माझ्याकडे बघत होते. सोमाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे सोमा. झालं गेलं. मी कवाच माफ केलं तुला."

त्याचे डोळे भरून आले. पंप खांद्याला लावून तो डिंभ्याच्या गाडीला गेला.