साडूभाऊंना सापडलेली चरबी

चरबी कुठेही दडून बसो, आमच्या साडूभाऊंच्या तावडीतून ती आजवर सुटलेली नाही. मीरा रोडला ते एमआरआयचे रिपोर्ट लिहितात, पण कामावरची नजर काही तिथे ठेवून येत नाहीत. शांती नगरच्या फरसाणवाल्याकडचा गाठिया आधी कागदावर दाबतात, कागद उजेडाला धरतात आणि "देखो, कितना तेल पी गया है" म्हणून त्यालाच दाखवतात. माझ्या पोटाकडे असं एकटक बघतात की मी मांडीवर उशी घेऊन बसतो. यकृतातली चरबी तर त्यांचा जीव की प्राण. एकाच जागेचे दोन फोटो काढायचे. पहिल्यात पाणी आणि चरबी एकमेकांना साथ देतात, दुसऱ्यात एकमेकांना खोडतात. दुसऱ्यात जी जागा काळवंडली, तिथे चरबी. हे ते आम्हाला दर जेवणात ऐकवतात.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, म्हणजे त्यांच्या मेव्हणीच्या, सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसला. तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे कॅन्सर परतला हे कुणी न बोलताच घरात ठरून गेलं. साडूभाऊंनी तिचा एमआरआय स्वतः उभं राहून करवला. भीतीने तिला श्वास धरता येईना, फोटो हलू लागले. तेव्हा ते माइकवरून म्हणाले, "सुनीता, माझ्याशी भांडताना श्वास न घेता बोलतेस ना? आता तेवढाच वेळ श्वास न घेता गप्प राहा." ती चिडली आणि फोटो लख्ख आले. थोड्या वेळाने साडूभाऊ धावत बाहेर आले आणि भरल्या वेटिंग रूममध्ये ओरडले, "चरबी आहे, नुसती चरबी!" समोरच्या बाईंनी घाईघाईने ओढणी पोटावर घेतली. चरबी कॅन्सरच्या गाठीतही असू शकते, म्हणून त्यांनी औषध टोचून काढलेले फोटोही तपासले होते. रक्तवाहिन्या त्या डागातून सरळ, जराही न ढळता गेल्या होत्या. गाठ असती तर त्या बाजूला ढकलल्या गेल्या असत्या. गाठ नव्हतीच. मी त्यांना सगळ्यांसमोर उचललं. तेही चांगलेच जड निघाले.

संध्याकाळी आम्ही तिघे घोडबंदरच्या रस्त्याला जेवायला गेलो. सुनीता हसत होती, भाऊजींना आग्रह करकरून वाढत होती. ते मात्र घास नुसता चिवडत होते. विचारल्यावर म्हणाले, "मी आत बसून रिपोर्ट लिहितो हो. बाहेर कुणाचं काय होतं, मला दिसत नाही. आज सकाळी हिच्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांच्यासाठी मला धावत बाहेर येता आलं नाही."

आमचा आनंद त्यामुळे कमी झाला नाही. पण घरी येताना सुनीता त्या बाईंबद्दलच बोलत राहिली. त्यांच्या घरी आज कोण असेल, त्या जेवल्या असतील का.