फुकटच्या यादीतला आत्याचा नवरा

माझी आत्या साठ वर्षं कुंकू लावत होती, आणि साठ वर्षं गाव त्या कुंकवाचीच चर्चा करत होतं. तिचं लग्न डोळखांबकडच्या एका पाड्यावर झालं होतं. दोन वर्षांत नवरा मुंबईला गोदीत गेला आणि तिथून जहाजावर, भट्टीत कोळसा टाकायला. तेव्हा महायुद्ध चालू होतं. तो परत आला नाही, पत्र नाही, निरोप नाही. सासरच्यांनी थोडे दिवस वाट बघितली आणि तिला किन्हवलीजवळ आमच्या घरी आणून सोडलं. गावानं निकाल लावून टाकला, गडी पळाला आणि आफ्रिकेत दुसरी करून बसला.

शेजारची काकू तर असं सांगायची, जणू त्या दुसऱ्या लग्नात हीच पंगत वाढत होती. लग्नघरात हळद लावायची वेळ आली की बायका एकमेकींकडं बघायच्या. हिला बोलवायचं का नाय? सवाशीण धरायची का टाकलेली? आत्या त्याआधीच उठून मागच्या दारी भांडी घासायला बसायची. मला त्या बायकांचा असा संताप यायचा की काय सांगू.

पुढं मी शाळेत शिक्षिका झाले. दोन हजार सालानंतर आम्हा मास्तरांना कॉम्प्युटर शिकायला लावला, आणि मुरबाडच्या सायबर कॅफेत मला एक वेबसाइट दिसली. देशोदेशीची रिकामी माणसं, कुणाचा पगार नाही की काही नाही, जुने कागद वाचून त्यातली नावं टाइप करत होती. थडगी, जहाजांचे उतारू, युद्धात बुडालेले खलाशी. आपलं माणूस शोधा, फुकट!

"फुकट?" आत्या म्हणाली. "त्यांना पोरंबाळं नायत काय गो? दुसऱ्यांची मयतं कशाला मोजत बसल्येत?"

पण नवऱ्याचं नाव काही सांगेना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना! माझे वडील तिच्याहून बरेच लहान, त्यांना फक्त 'दाजी' आठवत होतं. शेवटी मी भडकले. "अगो, नावाशिवाय त्या कॉम्प्युटरला काय डोंबल सापडणार?" तशी तिनं पदर ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि ऐंशीची म्हातारी चक्क उखाणा घेऊन मोकळी झाली.

"किन्हवलीच्या बाजारात तांदूळ दिले मापून,
…रावांचं नाव ठेवलं काळजात जपून."

टिंबांच्या जागचं नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे.

मग कितीतरी रविवार मी एसटीनं मुरबाडला गेले. पान अर्धं उघडायचं आणि लाइट जायची. नाव सापडेना. शेवटी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्या साइटवरच निरोप लिहिला. कुठल्याशा थंड देशातल्या एका निवृत्त म्हाताऱ्यानं उत्तर दिलं, थांबा, अजून टाइप न झालेली रजिस्टरं मी स्वतः जाऊन बघतो. ना ओळख, ना पाळख! आणि खरंच महिनाभरानं ईमेल आला. नाव, बापाचं नाव, तालुका शहापूर, काम भट्टीवर. जहाज बुडालं, कुणी वाचलं नाही.

"सापडले!" मी ओरडले. सगळा कॅफे माझ्याकडं बघायला लागला. मग शेवटचा रकाना वाचला. जवळचं माणूस, बायको. आणि पुढं भलत्याच बाईचं नाव.

म्हणजे काकू खरं बोलत होती? एसटीत बसून मी त्या मेलेल्या माणसाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या! ठरवलं, बुडाले एवढंच सांगायचं. ईमेलचा छापून घेतलेला कागद घडी करून पर्सच्या तळाशी कोंबला.

आत्या ओटीवर तांदूळ पाखडत होती. काकू शेजारी होतीच, ती कधी नसते?

"सापडले आत्या. जहाज बुडालं, त्यातच गेले. पळाले नव्हते."

आत्यानं सूप खाली ठेवलं. काकूनं लगेच विचारलं, "आन् ती दुसरी?"

माझं तोंड पडलेलं आत्यानं बघितलं. "वाच," ती म्हणाली. "समदं वाच."

मी हळूच ते नाव वाचलं.

आत्यानं कपाळावर हात मारला आणि डोळ्यांत पाणी असताना हसायला लागली. "अगो बये, ती मीच!"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवऱ्यानं तिचं नवं नाव लिहिलं होतं. सासरी दोन वर्षं तेच चाललं. माहेरी परत आली तशी पुन्हा जुन्या नावाची झाली, आणि सासरचं ते नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. मी तिच्या मांडीवर वाढले तरी मला माहीत नव्हतं. आणि जहाजावर कारकुनानं विचारलं असेल, तुझं कोण आहे, तेव्हा त्या माणसानं तेच सांगितलं होतं.

काकू उठायला लागली. आत्यानं तिचं मनगट धरलं. "बस." आणि उखाणा नाही, पदर नाही, तिनं नवऱ्याचं नाव बापाच्या नावासकट रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं घेतलं. "माझा नवरा. पळाला नाय. कामावर गेला."

"मग आता कुंकू गो?" काकूनं चाचरत विचारलं.

"साठ वर्षं इचारलंत, लावते कशाला. आता पुसत कशी नाय, ते इचारा."

आनंदानं मला रडू आवरेना. तिनं मात्र तो कागद माझ्याकडून घेतला, उलटाच धरला आणि तिचं नाव कुठं लिहिलंय ते दाखवायला लावलं. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "त्या बाबाला कळव. यादीत लिव म्हणावं, बायको हाय. अजून हाय."