रस्ता अडवणारी दिल्ली

गुलाबी सरबत दिसलं की मला बारावीनंतरचा दिल्लीतला उन्हाळा आठवतो. कॉलेज सुरू होण्याआधी एका शिबिरासाठी मी साताऱ्याहून एकटीच गेले होते. राजधानी म्हणजे बंद काचांच्या सरकारी गाड्या, एवढीच माझी समजूत. आणि इथे रणरणत्या दुपारी गुरुद्वाऱ्यासमोर माणसं चक्क रिक्षा, बसगाड्या अडवत होती. कशाला, तर थंडगार सरबत पाजायला!

मी बुजून म्हणाले, "मैं यहाँ की नहीं हूँ."

पेला पुढे करणारे सरदारजी आजोबा हसले. "प्यास तो यहीं की है ना, बेटा?"

सरबत प्यायले आणि न विचारताच एक भरलेला ट्रे उचलला. या शहरात मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी मात्र येईल त्याला हक्काने अडवत होते.