भिका गेल्यावर गावाचे खेळ

गावातून माणूस गेला की त्याच्या जागी किस्से येऊन बसतात. कापूस महागला आणि आमच्या घरातून माझा धाकटा दीर भिका गेला. अमरावतीच्या अडत्याकडे कापसाच्या गाड्या हाकायला. बायकोलाही घेऊन गेला. कुस्ती, हुतुतू, बैलांच्या शर्यतीचा पट, सगळ्यांत गावाचा एक नंबर तोच. आमचे हे चिडले. म्हणाले, "यंदा कौंडण्यपूरच्या जत्रेत जोडी हारली, तं तेच बैल अडत्याले देऊन टाकतो. हाकनारा धुरकरीच नाही तं पटाचे बैल ठेवू कायले?"

सर्जा-पाखऱ्याला चारा घालणारी मी. मला कोणी विचारलं नाही.

*

नागपंचमीला तिवस्याचा पहेलवान आखाड्यात शड्डू ठोकत उभा. शेवटची कुस्ती दरवर्षी भिकाची. आमच्याकडून कोणी उठेना. शेवटी म्हातारा वस्ताद उठला. म्हणाला, "मी लढतो. पन मले कोनी आखाड्यात उतरवून द्या, गुडघा दुखून राहिला."

पहेलवानानंच हात धरून त्याला खाली उतरवलं, पाया पडला आणि घरी गेला.

*

पोळ्याच्या करीला हुतुतू. इथंही नाक कापणार असं धरून आम्ही बायका बघायलाच गेलो नाही. तर पोरं जिंकून आली. मला राहवेना. शेजारच्या नाम्याला विचारलं, "काहून रे, भिका होता तवा तं एखांदा डाव हारत होते?"

"तवा आमी भिकाले पाहत होतो, काकू. आता खेळा लागलं."

म्हणजे कुस्तीत एक गेला की खड्डा, आणि हुतुतूत एक गेला की बाकीचे जागे. हे मला नवलच वाटलं.

*

बायकांनी हसू नये. भुलाबाईच्या गाण्यात पुढं गाणारी भिकाची बायको, माझी जाऊ सखू. यंदा ती नाही. सगळ्या गोल बसलो, पहिली ओळ झोकात म्हटली आणि थांबलो. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं पाहतात.

"पुढचं कोनाले येते?"

"सखूले."

इतकी वर्षं आम्ही नुसता शेवटचा शब्द ओढत होतो.

*

मग जत्रा आली. छकडीवर, म्हणजे पटाच्या हलक्या गाडीवर, भिकाच्या जागी नाम्या. अडत्याचा माणूस दोर घेऊनच आलेला. मी नेहमीसारखी पटाच्या शेवटी सरकीचं टोपलं घेऊन उभी. धावून आले की पहिला घास माझ्या हातचा, ही आमच्या घरची रीत.

जोडी सुटली. निम्म्यावर छकडी उडाली आणि नाम्या मातीत. पण बैल थांबले नाहीत. रिकामी छकडी घेऊन दुसऱ्या जोडीच्या पुढं निघाले आणि थेट माझ्या टोपल्यात तोंड घातलं.

पंचांची पंचाईत. जिंकल्याचा फेटा धुरकऱ्याला बांधायचा, आणि धुरकरी तिकडं धूळ झटकतोय. शेवटी फेटा सर्जाच्या शिंगांना बांधला. ह्यांनी कासरा हातात घेतला आणि अडत्याच्या माणसाला म्हणाले, "तुमी जा. जोडी घरीच रायते."

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन भिका वाटेवर घरी थांबला. शिंगांवरचा फेटा पाहून खूश झाला.

"हाकलले कोनं, वयनी?"

"कोनीच नाही."

त्यानं सर्जाच्या पाठीवर हात ठेवला. मी सरकी कालवत होते.

"मंग इतले वर्सं मी छकडीवर उभा राहून काय करून राहिलो होतो?"