शारजातलं तिसरं वळण

मी चेक लोकांच्या चर्चमधल्या गाण्यांचा अभ्यास करते असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "का?" माझा धाकटा भाऊ, जो माझ्यासारखाच शारजात वाढला आणि घरात मराठीला इंग्लिशमध्येच उत्तर देतो, तो तर अजूनही म्हणतो, "ऑफ ऑल थिंग्ज, ताई?"

खरं उत्तर असं की मी चेक देशातल्या ब्रनो शहरात ध्वनिशास्त्र शिकायला गेले होते. भिंती, छत, आवाज कुठे आपटतो, कुठे विरतो, असलं सगळं. तिथल्या एका थंडगार चर्चमध्ये आवाज मोजायचं यंत्र घेऊन बसले असताना आजूबाजूची माणसं गायला लागली. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी पुस्तक उघडलंच नव्हतं. त्या डोळे मिटून गात होत्या, आणि पुस्तकात छापलेलं स्वरलेखन एक होतं, त्यांच्या तोंडात दुसरंच. मी यंत्र बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून मला याचंच वेड लागलं, की छापलेलं गाणं आणि चर्चमध्ये खरोखर गायलं जाणारं गाणं यांच्यामध्ये नेमकं काय घडतं?

पदवी घेऊन मी परत आले आणि दुबईच्या अल क्वोजमध्ये साउंडप्रूफ पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत लागले. पण तिकडच्या बाईंकडे, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांकडे, संशोधन चालूच ठेवलं. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल. बाई फार कडक. "तू पुस्तकातलं खूप वाचलंस," त्या एकदा म्हणाल्या, "आता गाणारी माणसं शोध."

दुबई-शारजात गाणारी चेक माणसं? मी शोधायला लागले आणि सापडली की! इथे कामाला आलेल्या चेक कुटुंबांचा छोटासा गट होता. त्यात हॉस्पिटलमधली एक नर्स होती, नर्सरी शाळेत संगीत शिकवणारी एक शिक्षिका होती, काही इंजिनियर होते. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत त्यांच्याकडे एक जुनी पद्धत आहे, रोराते म्हणतात तिला. उजाडायच्या आत चर्चमध्ये जमायचं, मेणबत्त्यांच्या उजेडात गायचं. पूर्वी ही गाणी गायला गावोगावी चांभार, खाटीक, विणकर यांची मंडळं असत, अगदी आपल्या भजनी मंडळांसारखी. या गटाला शारजातल्या चर्चच्या आवारातला छोटा हॉल शनिवारी पहाटे मिळाला होता. खऱ्या मेणबत्त्यांना परवानगी नव्हती, म्हणून सेलवरच्या आणल्या होत्या. फक्त वाद्य नव्हतं. हॉलमधला कीबोर्ड त्या वेळी दुसऱ्या प्रार्थनेला लागायचा.

"कुणी ऑर्गन वाजवणारं आहे का ओळखीचं?" नर्सने मला विचारलं.

"ऑर्गन नाही," मी म्हटलं, "पण पेटी चालेल का?"

माझे बाबा रुवैसच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले पाइपिंग इंजिनियर. इथल्या मराठी मंडळाच्या भजनाला पेटीवर तेच. मी घरी जाऊन त्यातल्या एका गाण्याची छापलेली चाल त्यांना फोनवर ऐकवली. त्यांनी एकदा ऐकलं, पेटी ओढली आणि पांढरी दोनपासून सगळ्या पांढऱ्याच पट्ट्यांवर ओळ वाजवली.

"अगं, हा तर काफी राग!"

"बाबा, काफी म्हणू नका. त्यांच्याकडे वेगळं नाव आहे."

"नाव काही का असेना. गंधार कोमल, निषाद कोमल. आणि सकाळी साडेपाचला या पट्टीत कोण गाणार? गळे उघडलेले नसतात. एक सूर खाली घेऊ."

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "चर्चमध्ये पेटी चालते का पण?"

"देव ऐकतो का नाही ते महत्त्वाचं," बाबा म्हणाले, आणि भात्यावरची धूळ पुसायला लागले. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे बाईंना मेसेज केला.

शनिवारी पहाटे आम्ही पोचलो तेव्हा हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. प्रार्थना घेणारे फादर गोव्याचे निघाले. पेटी बघून त्यांचा चेहराच उजळला. "काका, मिरजेची का? आमच्या गावात जत्रेला असायची!" मी सगळ्यांची परवानगी घेऊन कोपऱ्यात रेकॉर्डर लावला. दिवे बंद झाले, सेलच्या मेणबत्त्या लुकलुकायला लागल्या आणि बाबांनी सूर धरला.

पहिलं कडवं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी चक्क टक्कर झाली! नर्स मोरावियाची, म्हणजे देशाच्या पूर्वेकडची. तिने ओळीच्या शेवटी सूर पंचमापर्यंत वर नेला आणि हळूहळू पायरीपायरीने उतरवला. शिक्षिका बोहेमियाची, पश्चिमेकडची. ती आणि मागच्या बाकांवरची मंडळी पुस्तकाप्रमाणे वर न जाता सरळ षड्जावर उतरली. आपल्याकडे आरतीत शेवटचा शब्द किती लांबवायचा यावरून दोन घरांची जशी जुंपते, तसंच. दोघीही एकमेकींकडे बघेनात, दोघींचेही आवाज चढले.

मला काळजी वाटायला हवी होती, वाटला आनंद! दोन प्रांतांच्या दोन चाली, एकाच छताखाली, आणि माझा रेकॉर्डर चालू.

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना चेक भाषेचं अक्षरही कळत नाही. पण आयुष्यभर त्यांनी साथ केलेली, त्यामुळे त्यांची नजर गाणाऱ्यांच्या तोंडाकडे. नर्स जवळ उभी होती म्हणून आधी ते तिच्याबरोबर वर गेले. मग मागचा आवाज मोठा झाला तसे तिकडे झुकले. आणि ओळ संपली की भजनात भरतात तसा मधल्या जागेत एक छोटा तुकडा भरायला लागले. चेक लोक त्या जागी नुसता श्वास घेतात, तिथे शांतता असते. बाबांच्या तुकड्यामुळे श्वास लांबला. सगळ्यांना एकमेकांचं ऐकायला वेळ मिळाला.

तिसऱ्या कडव्यात टक्कर मऊ झाली. पाचव्यात तर होतीच कुठे? सगळा हॉल मोरावियासारखा पंचमावर गेला, तिथे थांबला, आणि तिथून बोहेमियासारखा थेट षड्जावर उतरला. ना इकडचं, ना तिकडचं. माझ्या माहितीतल्या कुठल्याच पुस्तकात नसलेलं वळण!

बाहेर उजाडलं होतं. मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून रेकॉर्डिंग बाईंना पाठवलं. तिकडे अजून पहाटही झाली नव्हती. इथल्या दहाच्या सुमारास त्यांचा कॉल आला. केस विंचरलेले नाहीत, गाऊनमध्येच.

"पाचवं कडवं पुन्हा लाव."

मी लावलं.

"पुन्हा." मग त्यांनी विचारलं, "वाजवणारा कोण?"

"माझे बाबा. त्यांना फक्त छापलेली चाल माहीत होती."

माझ्या कडक बाई मोठ्यांदा हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पण लगेच गंभीर झाल्या. "हा अपघात असू शकतो. पेटीने त्यांना ओढून नेलं असेल. पुढच्या आठवड्यात वडिलांना सांग, चाल वाजवायची नाही. नुसता षड्ज-पंचम धरायचा. बघू लोक काय करतात."

तो आठवडा कसा गेला विचारू नका. ऑफिसात पॅनेलची कोटेशन्स करताना माझ्या डोक्यात तीच ओळ. बाबांना सांगितलं तर ते थोडे नाराज झाले. "नुसता सूर धरायचा? मग माझं काम काय?"

"तुम्ही काही केलं नाहीत हे सिद्ध करणं, हेच काम."

"हे बरं आहे तुमचं संशोधन!" असं म्हणाले, पण शनिवारी माझ्याआधी तयार होऊन बसले.

या वेळी माणसं जास्त होती. काही जण अबू धाबीहून आले होते. बाबांनी नुसता सूर धरला, नजरही पट्ट्यांवर ठेवली. पहिली ओळ गेली. दुसरी ओळ आली.

हॉल पंचमावर गेला, थांबला, आणि सरळ खाली उतरला. पहिल्याच कडव्यात! अबू धाबीची नवी मंडळी जरा अडखळली आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तीही त्याच वाटेने आली. मला ओरडावंसं वाटत होतं. मी तोंडावर हात दाबून धरला. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

प्रार्थना संपल्यावर चहा आणि त्यांचा वेणीसारखा विणलेला गोड पाव होता. मी नर्सजवळ गेले. "तुम्ही दुसरी ओळ बदललीत."

"मी?" ती दुखावलीच. "माझ्या आजीने शिकवलं तसंच गायले मी. घरचंच."

शिक्षिका शेजारी होती. ती म्हणाली, "आणि मी पुस्तकातलं. अगदी बरोबर पुस्तकातलं."

मी रेकॉर्डर पुढे केला आणि त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला. नर्सने कप खाली ठेवला. पुन्हा ऐकवायला सांगितलं. शिक्षिकेने ओळ गुणगुणून पाहिली, थांबली, परत गुणगुणली. तोवर चार-पाच जण भोवती जमले. कुणी म्हणे हे त्याच्या गावचं आहे, कुणी म्हणे कुठल्याच गावचं नाही. फादरनी हसत बाबांच्या पाठीवर थाप मारली. "काका, खलास! आता हे भांडण नाताळपर्यंत चालणार."

ते सगळे चेकमध्ये इतक्या वेगाने भांडत होते की मला अर्धंच कळत होतं, आणि प्रत्येक जण आपलं म्हणणं पटवायला तीच ओळ त्याच नव्या वळणाने गाऊन दाखवत होता.